ज्याची शाल त्याला

शिवगंगाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली ती पिठाच्या गिरणीत, आणि काही केल्या ती उतरेना.

नांदेडच्या त्या गल्लीत पंढरीची गिरणी आणि मुनीबभाईंचं चहाचं हॉटेल यांच्यात नुसता एक पत्रा आहे. गिरणी सुरू असली की हॉटेलात शेजारी बसलेल्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. रोज संध्याकाळी तिथं बसणाऱ्या मंडळींचे गळे त्या ओरडण्याला इतके सरावलेले, की लाईट जाऊन गिरणी गप्प झाली तरी यांचा आवाज खाली म्हणून येत नाही. त्या दिवशी तेच झालं. बाईंची ज्वारी निम्मी दळून झाली, लाईट गेली, पट्टा फडफडत थांबला, आणि पत्र्यापलीकडून केरबांचा आवाज खणखणीत आला.

"सरांच्या गुडघ्यानं टीम पडली म्हणतेत, पण गुडघा न् बिडघा काही न्हाई. सरांचं वाटोळं घरानं केलं. वहिनींनी."

बाई डब्यावर हात ठेवून जागच्या जागी बसून राहिल्या.

सर म्हणजे त्यांचेच यजमान, शेषेराव. एका कॉलेजचे फुटबॉलचे कोच. एके काळी या माणसानं रेल्वे कॉलनीतली, इतवाऱ्यातली, खेड्यातून आलेली अनवाणी पोरं गोळा करून विद्यापीठाचा कप आणला होता. गुलाल असा उधळला होता, की बाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या जर्स्या चार धुण्यांत पांढऱ्या झाल्या नाहीत. आणि नंतर काय झालं कोणास ठाऊक, टीम घसरतच गेली. पहिल्याच फेरीत हरून घरी. यंदा तर लातूरच्या पोरांनी सात गोल चढवले. कॉलेजनं सरांना नारळ दिला आणि त्यांच्या जागी एक तरणाताठा माणूस आणून उभा केला. मग कप आला तेव्हा नाचलेल्या मंडळींना एकच काम उरलं. हे असं का झालं ते ठरवायचं, रोज, फुकटच्या चहावर.

केरबा या सभेचे कायमचे अध्यक्ष. रेल्वेतून रिटायर झालेले. उभ्या जन्मात बॉलला पाय लावला नाही, पण बोलायला बसले की वाटावं, फुटबॉल यांच्याच घरी जन्माला आला. त्यांच्या खालोखाल वैजनाथ. हा लातूरचा, प्लॉटिंगच्या धंद्यात हात धुऊन घेतलेला. पांढरी गाडी, पांढरे कपडे, आठवड्यातून दोनदा नांदेडला फेरी.

"माझं मत वेगळं हाय," वैजनाथ पत्र्यापलीकडून ओरडत होता. "पोरं राहिलीत कुठं मैदानावर? दहावी झाली की निघाली लातूरला, डॉक्टरकीच्या क्लासला. सर तरी काय करतील?"

"क्लास तवाबी होते. मी सांगून राहिलो ना, घर. तूच सांग, तू गाडी घेऊन गेलतास तवा काय झालं?"

"हाव, ते मातर खरं. गाडी दारात लावली. वहिनी बाहेर आल्या, म्हणल्या, सर झोपलेत. गाडी परत लावली दारातनं. आता ज्या माणसाला घरातून बाहेर पडायला परवानगी न्हाई, ते टीम काय घडवणार?"

"छोडो केरबाभाई," मुनीबभाईंचा आवाज आला. "बाईमाणसाचं नाव कशाला घ्यायचं?"

"नाव घेत न्हाई मी. कारण सांगून राहिलो."

पंढरीनं सगळं ऐकलं होतं. बिचारा भुवयांवरचं पीठ पुसत उगाच कोपरा झाडू लागला. लाईट आली, गिरणी धडधडू लागली, आणि राहिलेली ज्वारी दळून घेऊन बाई घरी गेल्या.

आता ती गाडीची गोष्ट ऐका, म्हणजे बाईंना एवढी आग का लागली ते कळेल. वैजनाथनं सांगितलं ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

कप जिंकला आणि सत्कार सुरू झाले. आपल्याकडं सत्काराचं वेड काय आहे ते मी सांगायला नको. माणूस पडून उठला तरी शाल घालतील. कप एकच, पण त्याचा सत्कार वर्षानुवर्षं चालला. आज मुरुड, उद्या रेणापूर, परवा कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, तेरवा कुणाच्या पोराच्या वाढदिवसाला सर प्रमुख पाहुणे. फेटा, शाल, नारळ, फोटो. गाड्या यायच्या आणि सर जायचे. सुरुवातीला बाईंनाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, रेणापूरला त्यांच्या माहेरच्या गावात सत्कार झाला तेव्हा त्या पुढच्या रांगेत बसून रडल्या होत्या. पण मग सकाळी पोरं दारात येऊन विचारू लागली, "काकू, सर कुठंयत?" काकूंनी शेंगदाणे-गुळाचा डबा पुढं करावा आणि म्हणावं, येतील. पोरं डबा रिकामा करायची आणि कॉलेजच्या वाटेला लागायची. मैदान तसंच पडून.

दोन वर्षांमागं टीम निवडायचा दिवस होता. खेड्यापाड्यातून पोरं आली होती, काही तर आदल्या संध्याकाळच्या एसटीनं. आणि भल्या पहाटे वैजनाथची पांढरी गाडी दारात. मुरुडला मिरवणूक, ट्रॅक्टर सजवलाय, सर चला. बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, सर झोपलेत. झोपलेत कुठले, आत आरशासमोर कडक इस्त्रीच्या शर्टाची कॉलर नीट करत होते. गाडी गेल्याचं कळल्यावर नवरा बायकोवर असा कडाडला, की शेजारची खिडकी उघडली. मागच्या दारानं निघाले, गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबलेली होतीच, तीत बसले आणि मुरुडला गेले. बॉल ठेवायच्या खोलीची चावी त्यांच्याच खिशात. इकडं पोरं दुपारपर्यंत कुलपासमोर बसून राहिली.

हे वैजनाथला माहीत होतं. गाडी त्याचीच, तीत सरांशेजारी बसलेला तोच. पण हॉटेलात सांगताना गाडी दारातून परत लावण्यापाशीच त्याची गोष्ट संपत होती.

त्या संध्याकाळी बाईंनी भाकरी वाढता वाढता नवऱ्याला विचारलं. "लोक म्हणतेत, टीम माझ्यामुळं बुडाली."

शेषेरावांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मी विचारून राहिले तुम्हाला. माझ्यामुळं बुडाली?"

"लोक काहीबी बोलतेत. मनावर घ्यायचं न्हाई," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

बाईंना काय हवं होतं? 'तू नव्हतीस,' एवढं एक वाक्य. तीस वर्षं त्या माणसाच्या टीमच्या घामट जर्स्या धुतल्या, कुणाचा पाय मुरगळला तर रात्र होईस्तोवर हळद लावत बसल्या, त्याच्या तोंडून एवढं निघायला काय हरकत होती? निघालं नाही. लोकांनी खापर बायकोच्या डोक्यावर फोडलं ते नवऱ्याच्या सोयीचंच होतं. स्वतःकडं बघायला नको. बाईंनी ताट उचललं, आणि त्याच वेळी मनाशी ठरवलं, की उट्टं काढायचं. एकाचं नाही, सगळ्यांचं. आणि ते वाक्य मिळाल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

संधी चालत घरी आली. आठच दिवसांत केरबा पत्रिका घेऊन हजर. क्रीडाप्रेमी मित्रमंडळातर्फे शेषेराव सरांचा भव्य कृतज्ञता सोहळा, सपत्नीक. म्हणजे ज्या सत्कारांनी माणूस मैदानातून उठवला, त्याला निरोप द्यायलाही सत्कारच. बाईंना आधी हसू आलं, मग संताप आला. दोन्ही गिळून त्यांनी केरबांना चहा दिला, वर लाडूही दिला.

"भाऊजी, एक इच्छा हाय."

"बोला ना वहिनी."

"तुम्ही लोकांनी सरांचं इतकं केलं. एकदा आमच्या घराकडून तुमचा सत्कार करू द्या. तुम्ही, वैजनाथ भाऊजी, मुनीबभाई. त्याच स्टेजवर."

"छे छे, आमचा कशाला? आम्ही साधे कार्यकर्ते." असं म्हणेपर्यंत केरबांचा चेहरा फुलून आला होता. लाडू संपता संपता विचारलंच, "फोटोग्राफर एकच ठेवलाय. दोन सांगू का?"

"सांगा की," बाई म्हणाल्या.

आमच्या भागात माणूस सगळ्याला नाही म्हणेल, जेवणाला म्हणेल, उसने मागितले तर म्हणेलच म्हणेल. सत्काराला नाही म्हणणारा अजून पैदा व्हायचाय. बाईंनी याच गोष्टीवर सगळा डाव मांडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली ओढली. शालींनी गच्च भरलेली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. जर्स्या वाळायच्या त्याच गच्चीवरच्या तारेवर त्यांनी शाली उन्हाला टाकल्या. शेषेराव वर आले.

"हे काय काढलंस?"

"कसर लागती. ऊन दाखवून राहिले."

शेषेराव तारेपाशी गेले. एकेका शालीवरून हात फिरवू लागले. "ही मुरुडची. ही रेणापूरची, तुझ्या काकांनी घातलती. ही केरबाची, पहिली." चेहरा कसा उजळला होता. कितीतरी दिवसांत बाईंनी त्यांना असं बघितलं नव्हतं.

"यंदाच्या टीममधी गोलकीपर कोण होता हो?" बाईंनी सहज विचारलं.

शेषेराव थांबले. कपाळाला हात लावला. "तो... उंच पोरगा. देगलूरकडचा. काय बरं नाव त्याचं."

नाव काही आठवलं नाही. बाईंनी तोवर तीन शाली बाजूला काढल्या होत्या. आता चौथी काढली.

सोहळ्याला मंगल कार्यालय भरलं होतं. हॉटेलातली झाडून सगळी मंडळी, गल्लीतले लोक, आणि मागच्या रांगांत जुने खेळाडू, कुणी पोरंबाळं घेऊन आलेले. पंढरीसुद्धा अंगावरचं पीठ धुऊन आला होता. स्टेजवर मधल्या खुर्च्यांवर शेषेराव आणि शिवगंगाबाई. सरांना फेटा, बाईंना साडी आणि ओटी. सूत्रसंचालक दर दोन वाक्यांमागं टाळ्या मागत होता.

केरबांनी भाषणाला हात घातला. कप, गुलाल, सरांची बुद्धी, सगळं झालं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण मित्रहो, मोठ्या माणसाच्या पायात कधी कधी संसाराच्या बेड्या पडतात. सर मैदानाचे होते, त्यांना घरानं धरून ठेवलं. मी कुणाचं नाव घेत नाही." आणि नाव न घेता त्यांनी बाईंच्या नव्या साडीकडं बघितलं. सभागृह हळहळलं. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी बाईंकडं अशी नजर टाकली, की मारलं असतं तर परवडलं असतं. शेषेराव हात जोडून समोर बघत होते. 

बाईंनी मात्र तोंडावरची रेष हलू दिली नाही. सूत्रसंचालकानं पुकारा केला, "आता सरांच्या परिवारातर्फे सत्कार," तशा त्या उठल्या, पिशवी घेतली आणि माईक हातात धरला.

"वैजनाथ भाऊजी, या."

वैजनाथ तयारच होता. फोटोग्राफरकडं एक नजर टाकून तो मान वाकवून उभा राहिला. बाईंनी शाल त्याच्या खांद्यावर ठेवली.

"ही शाल यांनी सरांना मुरुडला घातलती. त्या दिवशी सकाळी इथं टीमची निवड होती. गाडी आली तवा मी म्हणलं, सर झोपलेत. गाडी गेली, पण लांब न्हाई गेली. गल्लीच्या तोंडाशी थांबली, सरांना मागच्या दारानं घेतलं आणि मुरुडला नेऊन ट्रॅक्टरवर बसवलं. बॉलच्या खोलीची चावी सरांच्या खिशात. पोरं दुपारपर्यंत कुलपापाशी बसली. आपला तवाचा गोलकीपर तिथूनच उठून लातूरच्या कॉलेजात गेला. यंदा सात गोल खाल्ले आपण, समोरच्या गोलात तोच उभा होता. टीम बुडवण्यातल्या या योगदानाबद्दल वैजनाथ भाऊजींचा सत्कार."

"सर, इकडं बघा," फोटोग्राफर म्हणाला. वैजनाथ हसतच होता. सत्कारात माणूस शब्द ऐकत नसतो, नुसता सूर ऐकतो. फ्लॅश उडाला, आणि मग ऐकलेलं डोक्यात शिरलं. मागच्या रांगांतून जुन्या खेळाडूंनी टाळ्या सुरू केल्या. मनापासून वाजवत होते.

केरबा स्टेजच्या पायरीकडं सरकले होते. सूत्रसंचालक सवयीनं बोलून गेला, "केरबा साहेब, जोरदार टाळ्यांनी स्वागत." माघारी फिरायला जागा राहिली नाही.

"केरबा भाऊजी, ही तुमचीच. तुम्ही सरांना रोज संध्याकाळी हॉटेलात बसवलं. टेबलावर कपबशा मांडल्या, बिस्किटं मांडली, आणि तीच जुनी फायनल रोज खेळायला लावली. प्रॅक्टिसची वेळ तीच होती. तिकडं पोरं आपापल्या मनानं बॉल मारत होती, आणि सर हॉटेलात बिस्किटांना पास देत होते. पोरं बोलवायला आली की तुम्हीच म्हणायचात, जा रे, सर महत्त्वाचं बोलून राहिलेत. हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत माणसाला आणि आता विचारता, पडला कसा. घ्या. वाका जरा."

केरबा वाकले. करतात काय? शाल अंगावर आली, नारळ हातात आला, आणि गल्लीसमोर त्यांना तो छातीशी धरून उभं राहावं लागलं.  बाईंना त्यांचा चेहरा बघून गार वाटलं. अगदी पोटातून गार वाटलं, लपवायचं कशाला.

मुनीबभाई न बोलावता पुढं आले. स्वतःहून मान वाकवली. "भाभी, मी खुर्ची दिली, चहा दिला. उठा म्हणलं न्हाई कधी. कबूल हाय." बाईंनी त्यांना शाल घातली, पण जास्त काही बोलल्या नाहीत.

लोकांना वाटलं, संपलं. बाईंनी पिशवीतून चौथी शाल काढली.

"शेवटचा सत्कार. शेषेराव सर."

सर उठले. पुढं आले. आणि हात जोडून, मान खाली घालून, बायकोसमोर वाकून उभे राहिले. एवढं सगळं कानांनी ऐकूनसुद्धा. शालीसाठी मान आपोआप खाली गेली होती.

"बघा," बाई माईकवर म्हणाल्या.  "अजूनबी वाकतेत. गाड्या यांनी आणल्या, खरं हाय. पण बसत कोण होतं? मागच्या दारानं पळालं कोण? मी दारात उभी राहून आडवत होते, तर माझ्यावर वरडलं कोण? आणि आता घरानं बुडवलं म्हणून लोक सांगतेत, तर गप बसून ऐकतंय कोण?"

शाल त्यांनी घातली नाही. खुर्चीवर ठेवली, माईक सूत्रसंचालकाच्या हातात दिला, आणि पायऱ्या उतरून सरळ बाहेर गेल्या. रिक्षा केली आणि घर गाठलं. शेषेराव कितीतरी वेळ तसेच वाकून उभे होते म्हणे. पंढरीनं नंतर सांगितलं.

शेषेराव चालत घरी आले. डोक्यावर फेटा नव्हता. दारातल्या पायरीवर बसले, बराच वेळ चपलेचा अंगठा ओढत राहिले आणि म्हणाले, "तू न्हवतीस. मीच बुडवली."

हेच वाक्य हवं होतं ना? बाईंनी ऐकलं. बरंही वाटलं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं.

"इथं मला सांगून काय उपयोग? माझं नाव जिथं घेतलं तिथं जाऊन म्हणा."

"कार्यालयात?"

"मुनीबभाईच्या हॉटेलात."

दोन दिवस सर घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साधा, बिनइस्त्रीचा शर्ट घालून निघाले. बाईंनी डब्यात ज्वारी भरली आणि मागोमाग गिरणीत गेल्या. पंढरीनं दळण लावलं होतं, धडधड चालली होती. पत्र्यापलीकडं परवा स्टेजवर वाकून गेलेली मंडळी पुन्हा जमली होती, आणि सोहळ्याचा विचका कुणामुळं झाला, यावर ओरडून वाद घालत होती. अशी माणसं कशानं सुधारत नाहीत. मग एकाएकी तिकडचं ओरडणं थांबलं. सर आले असणार.

"पंढरी," बाई म्हणाल्या, "जरा बंद कर."

"काकू, लाईट हाय की."

"असू दे. बंद कर."

पंढरीनं बटण दाबलं. पट्टा फडफडत थांबला. आणि पत्र्यापलीकडून मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला जायचा तो शेषेरावांचा जुना आवाज आला.

"केरबा, नीट ऐक. टीम मी बुडवली. आमच्या घरच्यांनी मला दारात आडवलं होतं, मी ऐकलं न्हाई. इथून पुढं तिचं नाव या टेबलावर निघालं, तर मी इथं पाय ठेवणार न्हाई, आणि तुलाबी ठेवू देणार न्हाई."

 मुनीबभाईंच्या किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं.

बाईंनी डब्याचं तोंड नीट केलं आणि पदरानं कपाळावरचं पीठ पुसलं.

"कर आता चालू," त्या म्हणाल्या. "बारीक दळ."